खडकाजवळची सात झाडं

बूट काढा आधी. दोघंही काढा. आणि एग्गर्त, ती बर्फावरच्या गाडीची किल्ली इथं टेबलावर ठेव, माझ्या कपाशेजारी. बेटावर आठला पार्टी आहे, माहीत आहे मला. पार्टी काही पळून जात नाही. ब्रीन्या, कॉफी ओतून घे तुझी तू. आणि साखरेचा खडा दातात धर, कपात टाकू नकोस. माझ्या घरात कपात साखर ढवळणारा माणूस मला बघवत नाही.

हां. तर किती जाड म्हणालास तळ्यावरचा बर्फ?

"आठ इंच, वाल्दी काका. सगळीकडे."

सगळीकडे! वा रे वा. तुझ्या आजीनं लाटण्यानं लाटलाय का तो, सगळीकडे सारखा व्हायला? खडकाजवळ तपासलंत?

"तपासलं ना."

पहारीनं?

"हो काका, पहारीनं. झालं समाधान?"

बरं. दहा मिनिटं बसा मग. लाकीची गोष्ट सांगतो, मग जा. लाकी म्हणजे थोरलाकुर, पलीकडच्या निळ्या घरातला. तुम्ही त्याला नुसतं चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलेला पाहिलंय. माझ्याबरोबर वीस हिवाळे जाळी टाकली त्यानं, म्हणून सांगतोय. हे मला त्यानंच सांगितलं, आणि नंतर त्याच्या भावजयीनं, गुडनीनं सांगितलं, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता.

आठ वर्षं झाली. चौदा डिसेंबर, शुक्रवार. उणे सत्तावीस. दुपारी साडेतीनला लाकीच्या बायकोनं, इंगानं, आलुबुखाऱ्याचा थरांचा केक डब्यात घातला, डबा फडक्यात बांधला आणि म्हणाली, "जा, बेटावर गुडनीला देऊन ये."

"मीच का? पोस्टाच्या माणसाबरोबर पाठव की."

"तुझी भावजय आहे ती. वर्ष झालं, तोंड दाखवलं नाहीस तिला. आज तारीख काय आहे, ठाऊक आहे ना?"

तारीख ठाऊक होती. न ठाऊक असायला काय झालं? बरोबर एक वर्षापूर्वी, चौदा डिसेंबरलाच, लाकीचा थोरला भाऊ स्टेनी बर्फाखाली गेला होता.

स्टेनी तुम्हाला आठवत नसेल. आपल्या सांडविकपासून बेटापर्यंतचा, गोठलेल्या तळ्यावरचा नऊ किलोमीटरचा रस्ता दर हिवाळ्यात तोच काढायचा. त्याच्याआधी त्याचा बाप काढायचा. पहार घेऊन चालत जायचं. तीन पावलं टाकायची, ठक. तीन पावलं, ठक. काळा बर्फ लागला की पुढं. पांढरा लागला की त्याची जाडी निम्मी धरायची. राखाडी लागला की गुमान मागं फिरायचं, तिथं शहाणपण चालत नाही. आणि जिथं पक्का असेल तिथं कमरेएवढं, सुईसारख्या पानांचं स्प्रूसचं झाड तोडून बर्फात रोवायचं. पन्नास पावलांवर एक. गावाकडं येताना झाडं उजव्या हाताला. वारं सुटलं, समोरचा हात दिसेनासा झाला, तरी एका झाडावरून दुसरं दिसतं, आणि माणूस घरी येतो.

आणि आपल्याकडं नियम एकच. झाड लावणाऱ्यानं झाड काढायचं. दुसऱ्याच्या झाडाला कुणी हात लावत नाही. रस्ता बदलला, भेग पडली, तर ज्यानं लावलं त्यानं त्याच दिवशी जाऊन जुनी झाडं उपटायची. जेवायच्या आधी. कारण ते झाड म्हणजे त्याचा शब्द. अंधारात येणारा माणूस बर्फ बघत नाही, झाड बघतो.

हसू नकोस एग्गर्त. तुझ्या फोनमध्ये सगळं दिसतं, माहीत आहे. फोनला बर्फाखालचं पाणी दिसतं का? नाही ना? मग ऐक.

तर त्या आधीच्या वर्षी झालं असं. डिसेंबरच्या बारा तारखेला दक्षिणेचं वारं सुटलं, आणि खडकाजवळ, जिथं खालून पाण्याची ओढ आहे तिथं, भेग पडली. स्टेनीनं ती पाहिली. दिवसभर खपून खडकाला वळसा घालून नवा रस्ता काढला, नवी झाडं लावली. तोवर काळोख पडला आणि त्याची पाठ धरली. जुन्या रस्त्यावरची सात झाडं तशीच राहिली. घरी येऊन लाकीला म्हणाला, "मला उद्या उठवणार नाही. सकाळी उजाडलं की जा आणि ती सात झाडं काढून टाक. नियम मोडतोय, पण तू काय आणि मी काय, एकच."

लाकी म्हणाला, "काढतो."

तेरा तारखेला संध्याकाळी जेवायच्या टेबलावर स्टेनीनं विचारलं, "काढलीस का?"

लाकी म्हणाला, "काढली."

आता मी काय सांगतो ते ऐका. तेरा तारखेला सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत लाकी कर्लिंगच्या हॉलमध्ये बर्फावर दगड सरकवायचा खेळ खेळत होता. मी स्वतः पाहिला. समोरच्या संघात मीच होतो. झाडांचं मला काय ठाऊक! मला वाटलं, आज सुट्टी घेतली वाटतं पठ्ठ्यानं.

चौदा तारखेला स्टेनी बेटावर जाळी पोचवायला गेला, तो परत आलाच नाही. संध्याकाळी असं भुरभुरतं बर्फ उठलं होतं की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. रात्री आठला लाकी एकटाच शोधायला गेला. दहाला त्याचा फोन आला मला. "खडकाजवळ भोक आहे," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्टेनीला वर काढला. गाडीही काढली. पहार मागं बांधलेली, तशीच. दोरीची गाठसुद्धा सोडलेली नाही.

आणि तिथं एकही झाड नव्हतं. नवा रस्ता दोनशे पावलं डावीकडं, सरळसोट. मग हा शहाणा माणूस, ज्यानं जन्मात कधी तपासल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, तो आपला रस्ता सोडून, पहार न सोडता, थेट त्या भेगेवर कशाला गेला?

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये कॉफी चालली होती. कुणीतरी म्हणालं, "घेतली असणार त्यानं." झालं. असल्या गोष्टीला काय, पाय फुटतात. संध्याकाळपर्यंत सगळं गाव म्हणत होतं, स्टेनीनं बेटावर घेतली, आणि पिऊन गाडी हाणली. गुडनीनं ऐकलं. तिच्या तोंडावर नाही, पण पाठीमागं बोललेलं बाईला जास्तच ऐकू येतं. फेब्रुवारीत तिनं घर बंद केलं आणि बेटावर आईच्या घरी राहायला गेली. आई वारल्यावर तिथंच राहिली, एकटी. त्या डिसेंबरपर्यंत परत गावात पाय टाकला नाही.

ते "घेतली असणार" पहिल्यांदा म्हणणारा माणूस मीच, ब्रीन्या. हो, मीच. अशी बघू नकोस. मला काय माहीत होतं, हे म्हणणं सोपं आहे. माहीत नव्हतं तर तोंड बंद ठेवायला काय झालं होतं? आजही झोप लागत नाही कधीकधी.

असो. ओत अजून कॉफी.

तर लाकी केक घेऊन निघाला. स्टेनीनंतर रस्ता आता तोच काढायचा. त्या वर्षीही त्यानंच काढला होता, खडकाला चांगला लांब वळसा घालून, आणि झाडं त्याची स्वतःची होती. जाताना उजेड होता, काही अडचण नाही. साडेचारला बेटावर पोचला. गुडनीच्या खिडकीत दिवा होता. आत ती भांडी विसळत होती, पाठमोरी.

त्यानं दार वाजवलं नाही. डबा ओसरीवर ठेवला आणि मांजरासारखा मागं फिरला. म्हणजे बघा, नऊ किलोमीटर आला आणि शेवटची चार पावलं टाकवेनात. मग तासभर गाडी बंद ठेवून बेटाच्या टोकाशी एकटाच बसून राहिला. का, ते मला त्याला विचारवलं नाही.

साडेपाचला परत निघाला. पूर्ण काळोख. पहिल्या किलोमीटरवर सगळं ठीक. बर्फ ओरडत होता, लांब लांब, आपला नेहमीसारखा. तुम्हाला सांगून ठेवतो, बर्फ ओरडतोय तोवर तो वाढतोय. तेव्हा घाबरू नये. गप्प झाला की घाबरावं.

मग उत्तरेकडून वारं उठलं. आधी गुडघ्यापर्यंत भुरभुर. मग छातीपर्यंत. मग दिव्यासमोर नुसती पांढरी भिंत. लाकीनं गाडी हळू केली. उजव्या हाताला झाड. पुढचं झाड. त्याच्या पुढचं झाड. झाडांवर झाडं येत होती, आणि तो आपला चालला होता.

चालता चालता त्याच्या मनात आलं, अरे, वळण कुठं गेलं?

वळसा त्यानंच घातला होता. पाचव्या किलोमीटरच्या आधीच रस्ता डावीकडं वळायला हवा होता. गाडीच्या काट्यात पाहिलं तर साडेपाच किलोमीटर झालेले. आणि झाडं सरळ.

त्यानं गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. दिव्याच्या उजेडात समोर एक झाड. त्याच्या पलीकडं, अंधुक, दुसरं. आणि त्या पलीकडं…

तो उतरला. झाडाजवळ गेला. सगळं अंगभर बर्फाचं कवच चढलेलं, पाण्यातून काढून थंडीत धरल्यावर चढतं ना, तसं. आणि सुया हिरव्यागार. त्यानं बुंधा धरून थोडं वर उचललं.

लाकी झाडं करवतीनं तोडतो. मोटारच्या करवतीनं. बुंधा सपाट, टेबलासारखा. हा बुंधा दोन्ही बाजूंनी कुऱ्हाडीनं तासलेला होता. टोकदार. बर्फात सरळ जावा म्हणून. सबंध सांडविकमध्ये असं एकच माणूस तासायचा.

आणि चीक अजून ओला होता. हातमोज्याला चिकटला.

दर मे महिन्यात तळं फुटतं. सगळी झाडं वाहून जातात, एक राहत नाही. गेल्या हिवाळ्यातलं झाड या हिवाळ्यात उभं असायला ते काय देवळाचा खांब आहे?

लाकी गाडीकडं पळाला. अगदी तेवढ्यात इंजिन बंद पडलं. दिवा गेला.

किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

मग त्याच्या लक्षात आलं की बर्फ ओरडत नाहीये.

वारं होतं. पण आवाज नव्हता त्याला. नुसता काळोख… आणि पायाखाली काहीतरी मऊ.

आणि मग…

ठक.

लांबून. डावीकडून.

ठक.

तीन पावलं. ठक. तीन पावलं. ठक.

"कोण आहे?" लाकी ओरडला. "अरे ए! कोण आहे तिकडं?"

ठक. जवळ. ठक. अजून जवळ. मग समोर. मग उजवीकडं. त्याच्याभोवती गोल फिरत होतं ते. पण बुटांचा आवाज नव्हता, श्वासाचा नव्हता. फक्त पहार. आणि प्रत्येक ठोक्याबरोबर आवाज बदलत चालला. ठक… ठप… भद्.

ब्रीन्या, तू पहार चालवली आहेस. भद् म्हणजे काय?

"…पाणी."

पाणी. दोन इंचांवर पाणी.

लाकी हलला नाही. हलायची हिंमतच नव्हती. आणि तेव्हा, अगदी कानाशी, रोजच्या आवाजात, जेवायच्या टेबलावर मीठ मागावं तशा आवाजात—

"काढलीस का?"

आणि बघा माणसाची जीभ कशी असते. वर्षभरात तिला जी सवय झाली होती, तेच ती बोलली.

"काढली."

बुटांच्या तळव्याला ओल लागली.

"काढलीस का, लाकी?"

"काढली म्हणतो ना! एकूण एक काढली, स्टेनी! देवाशपथ!"

पाणी बुटावर आलं. बर्फ खचत नव्हता, नुसता बसत होता, हळूहळू, म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसा. उणे सत्तावीस आणि त्याच्या मानेवरून घाम.



आणि मग तिसऱ्यांदा. नुसता एक शब्द.

"कधी?"

…

काय झालं, एग्गर्त? काय पुटपुटलास?

"काका… आम्ही खडकाजवळ गेलोच नाही. काठापाशी चार भोकं पाडली आणि परत आलो. थंडी होती. मी उगाच म्हणालो तपासलं म्हणून."

माहीत आहे मला. खडकाजवळून आलेल्या पोराच्या बुटाला चिखलाचा बर्फ लागत नाही, तो काठावरच लागतो. म्हणून तर किल्ली घेतली. ब्रीन्या, याच्यावर डोळे वटारू नकोस, तूही तिथंच होतीस. सांगितलंस ना? बास. सांगितलंस ते फार झालं. लाकीला ते सांगायला वर्ष लागलं.

हो. कारण "कधी" म्हटल्यावर त्याला पळवाट उरली नाही. काढली होती त्यानं, खोटं नव्हतं ते. पण कधी?

तो तिथं गुडघ्यांवर बसला, पाण्यात, आणि रडायला लागला. "तू गेल्यावर," म्हणाला. "तू गेल्यावर काढली, स्टेनी. त्या रात्री. मी आलो तर भोक होतं, आणि तुझा हातमोजा काठावर होता, आणि झाडं उभी होती. सातही. तू माझ्या शब्दावर आलास. मी म्हटलं होतं काढली, म्हणून ही झाडं दिसली तेव्हा तुला वाटलं, हा नवाच रस्ता. म्हणून पहारसुद्धा सोडली नाहीस. मला कळलं ते. तिथंच कळलं. आणि मी… मी आधी झाडं उपटली. फोन नंतर केला. झाडं उपटली आणि भोकात टाकली. तुझ्या अंगावर टाकली, स्टेनी. एकेक करून."

असं सांगितलं त्यानं मला. माझ्या याच स्वयंपाकघरात, या खुर्चीत.

मग काय झालं? मग शांत. किती वेळ, त्याला सांगता येत नाही. मग लांब कुठंतरी, उत्तरेकडं, बर्फ ओरडला. लांबलचक.

आणि ठक.

पक्क्या बर्फावरची. खणखणीत. त्याच्या पुढं तीन पावलांवर.

तो उठला. गाडी तिथंच टाकली. जिथं ठोका पडला तिथं पाऊल ठेवलं. मग पुढं ठक. त्यानं पाऊल ठेवलं. समोर काही दिसत नव्हतं. वर मान करायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं, आणि केली नाही. नुसता आवाजामागं चालला. एका ठिकाणी त्याला वाटलं आपण चुकीच्या बाजूला चाललोय, गाव तर पश्चिमेला आहे. तो थांबला. ठोकाही थांबला. वाट पाहत. तो निघाला. ठोका निघाला.

सव्वाआठला गुडनी स्वयंपाकघरात होती. दारावर नुसतं काहीतरी आपटलं, म्हणून तिनं दार उघडलं. ओसरीवर लाकी उभा. भुवयांवर बर्फ, विजार गुडघ्यापर्यंत बर्फानं ताठ झालेली.

"लाकी? अरे तू… गाडी कुठंय तुझी? आणि हा डबा कुणी ठेवला? मी म्हटलं कोल्ह्यानं आणून टाकला."

"गुडनी, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आत ये आधी! बोटं गळून पडतील पायाची."

"नाही. आत नाही येत. इथूनच सांगतो. ऐकल्यावर तू म्हणालीस तर येईन."

आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. कर्लिंग. "काढली." सात झाडं. भोक. फोन नंतर. सगळं. दार उघडं, आतली ऊब भसाभसा बाहेर चाललेली, आणि ती हातात ओलं फडकं घेऊन ऐकत उभी.

त्याचं बोलणं संपलं, आणि दोघांच्या मध्ये, उंबऱ्यावर, आवाज झाला. एकच.

ठक.

दोघांनी ऐकला. तिथं कुणी नव्हतं. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. खाली बघायची छाती झाली नाही.

गुडनीनं हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाली, "वर्षभर, लाकी… वर्षभर मी त्याच्या कोटाच्या खिशात बाटली शोधत होते रे. अस्तर उसवून पाहिलं. माझा स्वतःचा नवरा, आणि मी लोकांचं ऐकलं."

मग तिनं ते फडकं त्याच्या तोंडावर मारलं. एकदा. दोनदा. जोरात. मग त्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं आणि त्याचे पाय कोमट पाण्यात घातले, कारण डोक्यात राख असली तरी माणसाला मरू देत नाहीत. पाय चोळता चोळता म्हणाली, "रविवारी सांगशील. चर्चनंतर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, मी असताना."

रविवारी ती गावात आली. दहा महिन्यांनी. लाकी उभा राहिला आणि सांगितलं. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, अजून बोलत नाहीत. त्यांचं बरोबर की चूक, मला विचारू नका. मग मीही उभा राहिलो. म्हटलं, स्टेनी प्यायला होता असं पहिल्यांदा मी म्हणालो, आणि मला त्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. गुडनीनं माझ्याकडं पाहिलं. मान हलवली. माफ केलं असं नाही म्हणणार मी. ऐकलं, एवढंच.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही चौघं गाडी शोधायला गेलो होतो. गाडी खडकाजवळ तळाशी होती. लाकी तिथं अजून पाच मिनिटं उभा राहिला असता तर तोही तळाशीच असता. झाडं? एकही नव्हतं. बर्फावर पहारीची खूण? एक नाही. रात्रभर वारं होतं, त्यानं सगळं पुसून काढलेलं. झाडांचं आणि ठोक्याचं लाकीनं सांगितलं होतं, पण मी म्हटलं, थंडीनं डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं, होतं असं. आणि मनापासून म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मग गुडनीकडं कॉफीला थांबलो. तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "जपून. उंबऱ्यावर पाय देऊ नका."

ओकचा उंबरा. तिच्या आजोबांनी बसवलेला, लोखंडासारखा. त्याच्या मधोमध एक खाच होती. पहारीच्या पात्याएवढी लांब. दोन बोटं खोल. लाकूड फाटलेलं नाही, कपचा उडालेला नाही, लोण्यात सुरी घालावी तशी.

आणि त्या खाचेत पाणी होतं.

ती रोज पुसते. संध्याकाळपर्यंत पुन्हा भरतं. मागच्या जानेवारीत उणे एकोणचाळीस झालं होतं, आठवतंय? पाणी ओतलं तर जमिनीवर पडायच्या आधी बर्फ व्हायचं. मी मुद्दाम गेलो. बाहेर ओसरीवर गुडघ्यांवर बसलो, हातमोजा काढला आणि बोट घातलं.

कोमट नाही. तळ्याच्या पाण्याइतकंच गार.

पण पाणी.